उंदराचे चाक आणि आपले गुडघे

पहाटेचे साडेपाच वाजले की आमच्या नशिराबादहून भादली स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावलांचा आवाज सुरू होतो. उन्हाळ्यात तर त्याच्याही आधी, कारण जळगावकडच्या उन्हात सात वाजल्यानंतर धावणे म्हणजे आजारपणाला बोलावणे धाडणे. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी सैन्याची. कोणाच्या पायात चांगले बूट, कोणाच्या पायात आठवडे बाजारातले कॅनव्हासचे, तर एखादा अनवाणीच. काही वर्षांपूर्वीपर्यंत या घोळक्यात फक्त पोरे असत. आता पोरीही दिसतात. त्यांतली एक माझी नात.

भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००. नातीने घड्याळ लावून सराव सुरू केला आणि घरात तिचे कौतुक सुरू झाले. ते कौतुक आखाजीपर्यंत टिकले. आखाजीला माझी थोरली बहीण माहेरपणाला आली. वय चौऱ्याहत्तर. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून, भिंतीला हात लावून उतरणारी. सकाळी ओट्यावर बसली असताना तिने घामाघूम होऊन आलेली नात पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"टोंगये झिजतीन व माय तुहे! आपल्या घरचे टोंगयेच खराब. माह्या मायचे गेले, माहे गेले. आता तू हातानं घालवते का?"

गुडघ्याला आमच्याकडे टोंगळा म्हणतात आणि बोलीत 'ळ'चा 'य' होतो. अक्काचे बोलणे खोटे नव्हते. आमची आई शेवटची दहा वर्षे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवूनच उठत असे. अक्काचे तेच झाले. माझाही उजवा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो. नातीने ते ऐकले, बूट काढता काढता थांबली आणि मला विचारले, "आबा, आपल्या रक्तातच असेल, तर मी धावू की नको?"

अडतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. सांध्याची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याची मोजदाद नाही. पण या साध्या प्रश्नाला चटकन उत्तर देता येईना. मग वाचायला बसलो, आणि लक्षात आले की हाच प्रश्न फिनलंडमधल्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी विचारला होता. त्यांनी तो उंदरांना विचारला होता, एवढाच फरक.

वंगण आणि गादी

उंदरांकडे जाण्याआधी गुडघ्याच्या आत डोकावू. आपल्या मनात सांध्याचे जे चित्र आहे ते बैलगाडीचे आहे. सुश्रुतानेही सांध्याला वंगण घातलेल्या आसाची उपमा दिली आहे. आसाला तेल असले की चाक जसे नीट फिरते, तसे सांध्यातल्या स्निग्ध द्रवामुळे सांधे नीट चालतात, असे तो सांगतो. दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे निरीक्षण आजही खरे आहे. सांध्यात वंगण असते. पण आपण त्या उपमेपुढे आपली एक पुस्ती जोडली. गाडी जितकी चालेल तितका आस झिजेल, म्हणून माणूस जितका धावेल तितके त्याचे गुडघे झिजतील. घोटाळा झाला तो इथे.

आस लोखंडाचा असतो. तो झिजला की झिजला, रात्रीतून भरून येत नाही. गुडघ्यातली कूर्चा जिवंत असते. हाडांच्या टोकांवर दोनतीन मिलिमीटर जाडीचे हे गुळगुळीत, पांढरट आवरण. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच. बाकीच्यात मुख्य गोष्टी दोन. एक, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या चिवट धाग्यांचे जाळे. दुसरी, त्या जाळ्यात ठासलेले, पाणी धरून ठेवणारे साखरयुक्त प्रथिनांचे रेणू. आपल्या कापसाच्या मुलखात हे समजायला अवघड नाही. कोलॅजन म्हणजे गादीची खोळ आणि ते पाणी धरणारे रेणू म्हणजे आतला कापूस. खोळ घट्ट असेल तर गादीवर कितीही बसा, ती दबते आणि पुन्हा वर येते. खोळ विरली, उसवली, की कापूस इकडेतिकडे पळतो.

आणखी एक गंमत अशी की या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. मग तिच्यातल्या पेशींना जेवण कोण देते? पाऊल टाकले की कूर्चा दबते, तिच्यातले पाणी बाहेर पडते. पाऊल उचलले की ती सांध्यातला द्रव पुन्हा शोषून घेते आणि त्याबरोबर पोषण आत जाते. म्हणजे चालणे हेच तिचे जेवण. पाय बराच काळ हालचालीविना राहिला तर कूर्चा पातळ आणि मऊ होऊ लागते, हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आणि कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसांच्या तपासणीतही दिसले आहे. गुडघे जपायचे म्हणून खाटेवर बसून राहणारा माणूस त्यांना उपाशी ठेवत असतो.

खोळच उसवलेली असेल तर?

आता नातीचा खरा प्रश्न. जिच्या गादीची खोळ जन्मतःच कच्ची, तिने काय करावे?

फिनलंडमधल्या शास्त्रज्ञांनी यासाठी खास उंदीर घडवले. कूर्चेतल्या कोलॅजनची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यातला एक छोटासा तुकडा गाळलेले सदोष जनुक त्यांनी उंदरांत घातले. या उंदरांच्या कूर्चेची खोळ जन्मापासूनच कच्ची. मग पाचसहा आठवड्यांच्या काही उंदरांना फिरते चाक बसवलेल्या पिंजऱ्यात एकेकटे ठेवले. काहींना चाक दिले नाही. सोबतीला त्यांचीच धडधाकट जनुकांची भावंडे, त्यांचेही असेच दोन गट. कोणी बळजबरी केली नाही. उंदराला चाक दिसले की तो आपणहून धावतो. पंधरा महिन्यांचे होईपर्यंत हे चालले. उंदराचे आयुष्य दोनेक वर्षांचे, हे ध्यानात घेतले तर तरुणपणापासून उतारवयापर्यंत धावणेच झाले.

निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. नडगीच्या हाडाचा माथा जिथे गुडघ्यात येतो, तिथल्या बाहेरच्या बाजूला न धावणाऱ्या सदोष उंदरांपैकी ३९ टक्क्यांमध्ये गंभीर झीज आढळली. धावणाऱ्या सदोष उंदरांमध्ये हे प्रमाण ९० टक्के निघाले. पाणी धरून ठेवणारे ते रेणूही धावणाऱ्या सदोष उंदरांत कमी झाले होते. धडधाकट भावंडांत मात्र धावल्यामुळे ते कमी झालेले दिसले नाहीत. तरीही आयुष्यभर धावल्याने त्यांच्यातही झीज थोडी वाढलीच, हे शास्त्रज्ञांनी लपवले नाही.

हे वाचून मी क्षणभर हबकलो. अक्काचेच म्हणणे खरे निघाले की काय? पण आकडे पुन्हा पाहिले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जे सदोष उंदीर एक पाऊलही धावले नाहीत, त्यांच्यातही दहापैकी चौघांचे गुडघे गंभीर बिघडलेलेच होते. चाकाने रोग निर्माण केला नाही, असलेल्या दोषावर भार टाकला. सारखेच चाक, सारखीच धाव. पण एका गुडघ्याला ते फार महागात पडले आणि दुसऱ्याने जवळजवळ सोसले.

फिनलंडमधल्याच कुओपिओच्या संशोधकांनी त्याआधी कुत्र्यांवरही प्रयोग केले होते. रोज चारेक किलोमीटर बेताने धावणाऱ्या कुत्र्यांची कूर्चा काही भागांत जाड झाली आणि तिच्यातले पाणी धरणारे रेणू वाढले. अंतर वाढवत वाढवत रोज चाळीस किलोमीटरपर्यंत नेले, तेव्हा तेच रेणू जागोजागी कमी झाले. कुत्री धडधाकटच होती. बदलले होते ते धावण्याचे माप.

उंदीर आणि कुत्री म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण माणसांचेही पुरावे आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या पुढचे लांब पल्ल्याचे धावपटू आणि न धावणारे यांच्या गुडघ्यांचे १९८४ पासून सुमारे अठरा वर्षे एक्स-रे काढले. धावणाऱ्यांचे गुडघे जास्त बिघडलेले दिसले नाहीत. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के होते. यात एक मेख आहे. ज्याचे गुडघे दुखतात तो धावणे आपोआप सोडतो आणि बैठ्यांत जमा होतो. तेव्हा हे आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. पण धावल्याने गुडघे झिजतातच, हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही, एवढे नक्की.

वारसा रक्ताचा आणि कामाचा

मग आमच्या घरच्या गुडघ्यांचे काय? आम्ही त्या कच्च्या खोळीच्या उंदरांसारखे आहोत का?

तशी माणसे जगात आहेत. १९९० साली एका अमेरिकन कुटुंबात याच कोलॅजनच्या जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. त्या घरात सांधे ऐन तरुणपणी बिघडत. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या हंडीगोडु गावाच्या नावाने ओळखला जाणारा सांध्यांचा आनुवंशिक आजार सत्तरच्या दशकात उजेडात आला. कष्ट करून पोट भरणारी माणसे त्याने अकाली अधू झाली. अशा घरांत विशी-तिशीतच अनेक सांधे एकदम दुखू लागतात, उंची खुंटते. आमच्या आईचे आणि अक्काचे गुडघे पंचावन्नच्या पुढे धरले. ही गोष्ट निराळी आहे.

या सर्वसाधारण गुडघेदुखीतही रक्ताचा वाटा असतो. इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यात स्त्रियांच्या संधिवातात आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान निघाला. म्हणजे ढोबळमानाने अर्धा. उरलेला अर्धा कुठून येतो, हे आपण घरात कधी विचारतच नाही.

आमच्या आईचा दिवस मला आठवतो. पहाटे उकिडवे बसून शेणसारवण, मग चुलीपुढे बसून भाकरी. डोक्यावर दोन हंडे. दिवसभर रानात निंदणी, तीही उकिडवे सरकत सरकत. कपाशीच्या दिवसांत वाकून वेचणी आणि संध्याकाळी डोक्यावर गाठोडे. अक्काने सासरी जाऊन हेच केले. याच घराचे, याच रक्ताचे आम्ही दोघे भाऊ. आमच्या वाट्याला हंडा आला नाही की निंदणी आली नाही. माझा एक गुडघा कुरकुरतो, भावाचे दोन्ही ठणठणीत आहेत. पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या सांध्यांचा त्रास वाढतो, हे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. पण सगळा दोष रक्तावर आणि वयावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या बायकांची तपासणी झाली, तेव्हा अमेरिकेतल्या त्यांच्या वयाच्या गोऱ्या बायकांपेक्षा त्यांच्यात गुडघ्याचा संधिवात जास्त आढळला. त्याचा संबंध तरुणपणी तासन्‌तास उकिडवे बसण्याशी असल्याचे पुढे दिसून आले.

आपल्याकडे पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवण या गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांना, सांध्यांची किंवा स्नायूंची दुखणी होती. ही माणसे मॅरेथॉन धावणारी नव्हती. खेड्यात राहून काम करणारी होती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मुलगी हंडा उचलते, केळीचा घड वाहते, उकिडवे बसून निंदते, तेव्हा तिच्या कूर्चेची काळजी कोणाला वाटत नाही. तीच मुलगी बूट घालून रस्त्यावर निघाली की साऱ्या भावकीला तिचे गुडघे आठवतात. अक्काच्या काळजीत माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण अनेक घरांत गुडघे हा बहाणा असतो. मुलीने पहाटे एकटीने बाहेर पडू नये, हे सरळ म्हणता येत नाही, म्हणून गुडघे पुढे केले जातात. जी धाव तिला नोकरीपर्यंत आणि स्वतःच्या पगारापर्यंत नेणार, ती शास्त्राचे नाव घेऊन अडवू नये. शास्त्र तसे म्हणत नाही.

दुखणे गिळणारी पोरे

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी अर्धेच सांगितले असे होईल.

त्याच रस्त्यावर मी एका मुलाला सुजलेल्या गुडघ्याला फडके गुंडाळून धावताना पाहतो. भरती तोंडावर आली की तीन महिन्यांचा सराव तीन आठवड्यांत उरकण्याची घाई होते. कडक डांबरावर, फाटक्या बुटांत, रोज वेळ लावून. दुखले की गोळी घ्यायची आणि पुन्हा धावायचे. पोराने कुरकुर केली तर त्याला घरचेच हिणवतात. मुलीला दुखण्याआधीच थांबवायचे आणि मुलाला दुखले तरी थांबू द्यायचे नाही, असा हा आपला न्याय. कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या प्रयोगांचा अर्थ इथे कामी येतो. कूर्चेला भार हवा, पण सोसेल तेवढा. वाढवायचा, पण हळूहळू. आणि गुडघा आधीच जखमी असेल, तर माप निराळे.

निराळे माप म्हणजे बंदी नव्हे. स्वीडनमध्ये गुडघ्यातल्या गादीचा काही भाग काढून टाकलेल्या ४५ जणांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या एका गटाकडून देखरेखीखाली चार महिने, आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घेतला. त्यांच्या कूर्चेतले ते पाणी धरणारे रेणू वाढल्याची चिन्हे एमआरआयमध्ये दिसली. म्हणजे बिघडलेल्या गुडघ्यालाही बेताचा व्यायाम मानवतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की धक्का आधी ते झेलतात. वजन एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो, हेही २००५ सालच्याच एका अमेरिकन अभ्यासात मोजले गेले.

गुडघा सुजला, अडकला, चालताना अचानक दगा देऊ लागला किंवा रात्री झोपेतही ठणकू लागला, तर मात्र भरतीची तारीख बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरकडे जावे. भरती पुन्हा निघते.

नातीला मी हे सगळे आठवडाभरात तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. शेवटी तिने विचारले, "म्हणजे धावू ना?" मी म्हणालो, "धाव. पण रोज नको, एक दिवसाआड. डांबर सोडून कडेच्या मातीवरून. आणि दुखले तर लपवायचे नाही, मला सांगायचे." भरतीत काय होईल ते होवो. नवे बूट मात्र तिच्या बापाकडून मी वसूल केले. तो आधी म्हणत होता, निकाल लागू दे, मग पाहू.

अक्का अजून पूर्ण राजी नाही. पण जाण्याच्या आदल्या दिवशी नातीने तिला खुर्चीवर बसवले आणि हातांचा आधार न घेता उठायला शिकवले. पहिल्या दिवशी जेमतेम तीनदा जमले. परवा तिचा फोन आला, तेव्हा म्हणाली, "आता धा वेळा उठते मी. पोरगीले सांग." मग थोडे थांबून विचारले, "ती धावते का व अजून?"

मी हो म्हणालो. अक्का काही बोलली नाही, पण या वेळी टोंगळ्यांचे नावही तिने काढले नाही.